वखारीतली गाडी, संपलेला विमा आणि पीयूसीचा फेरा

निपाणीहून एका वाचकांनी लिहिलंय: ‘वडिलांच्या नावावर पेट्रोल स्विफ्ट आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये चिक्कोडी आरटीओत नोंदलेली, केए २३. विमा मार्च २०२१ मध्ये संपला आणि तेव्हापासून गाडी आमच्या जुन्या तंबाखूच्या वखारीत उभी आहे. मी आता पुण्याहून गावी परत आलोय, गाडी वापरायची आहे. एजंट म्हणतो, पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला) आणा, गाडी दाखवा, मगच विमा. पीयूसीवाला म्हणतो, गाडी केंद्रावर आणा. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची कशी? मधल्या वर्षांचे हप्ते आणि दंड भरावा लागेल, असंही एकानं सांगितलं. गाडीवर सोसायटीचं कर्ज होतं, ते फिटलंय. वडिलांचं लायसन्स संपलंय, ते आता गाडी चालवत नाहीत. सुरुवात कुठून करू?’

नमस्कार. मधल्या वर्षांची काळजी आधी सोडा. त्या काळाचे हप्ते भरावे लागत नाहीत. कंपनीनं ज्या काळाची जोखीम घेतलीच नाही, त्या काळाचे पैसे ती मागू शकत नाही. तसे कुणी मागत असेल तर देऊ नका. दंडही नाही, कारण मोटार वाहन कायद्याचं कलम १४६ सार्वजनिक ठिकाणी गाडी वापरण्याबद्दल आहे. स्वतःच्या कुलूपबंद वखारीत उभ्या गाडीला विमा नसला म्हणून कायदा मोडत नाही. पण एक लक्षात ठेवा. लोकांना जाण्यायेण्याचा हक्क असलेली कुठलीही जागा कायद्याच्या लेखी सार्वजनिक ठरते, मग ती वखारीपुढचा बोळ असो की देवळापुढचं पटांगण. धुवायला किंवा मिस्त्रीला दाखवायलासुद्धा गाडी तिथं काढू नका. विम्याशिवाय पहिल्यांदा सापडलात तर २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दंड ४,०००. खरी धास्ती मात्र अपघाताची धरावी. विमा नसताना कुणी दगावलं, तर न्यायाधिकरण ठरवेल ती सगळी भरपाई मालकाच्या आणि चालकाच्या डोक्यावर येते. मालक तुमचे वडील आहेत, म्हणजे नोटीस त्यांना जाईल.

आता तुमच्या पत्रातली गाठ. एजंट ज्याला नुसतं ‘विमा’ म्हणतो, त्यात दोन वेगळे विमे असतात. एक थर्ड पार्टी: आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. कायद्यानं सक्तीचा तो एवढाच. दुसरा ओन डॅमेज: आपल्याच गाडीची मोडतोड, चोरी, आग, पूर. दोन्ही एकत्र घेतले की लोक त्याला फुल इन्शुरन्स किंवा पॅकेज म्हणतात. मुदत संपल्यावर गाडी बघायची असते ती ओन डॅमेजसाठी, कारण आधीच चेपलेल्या दाराचा खर्च कंपनीला द्यायचा नसतो. थर्ड पार्टीत तुमच्या दाराचा प्रश्नच येत नाही, म्हणून नुसता थर्ड पार्टी घेताना गाडीची तपासणी लागत नाही. कंपनीला गाडी न दाखवता, वखारीत बसून तो निघतो.

पीयूसीची अट आली कुठून, तेही सांगतो, म्हणजे एजंटाशी बोलता येईल. सर्वोच्च न्यायालयानं १० ऑगस्ट २०१७ च्या आदेशात म्हटलं होतं की वैध पीयूसी असल्याशिवाय विम्याचं नूतनीकरण करू नये. त्यातून नेमका तुमच्यासारखा फेरा तयार झाला आणि कित्येक गाड्या विम्याविना राहिल्या. जुलै २०२४ मध्ये न्यायालयानं थर्ड पार्टी विम्यापुरती ती अट काढून टाकली. बऱ्याच एजंटांच्या तोंडी अजून जुना नियम आहे. ‘नुसता थर्ड पार्टी द्या, त्याला आता पीयूसीची अट नाही,’ असं स्पष्ट सांगा. तरीही त्याला पटलं नाही तर त्याच्यात अडकू नका. सरकारी साधारण विमा कंपन्यांच्या कार्यालयात थेट जा किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः काढा. कोल्हापुरातून घेतला तरी चालतो, पॉलिसी देशभर चालते. तिकडं स्वस्त मिळेल म्हणून मात्र कागल ओलांडू नका. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, तो सगळीकडे एकच असतो.

पण पॉलिसी आजच काढू नका. ती काढली की त्याच दिवसापासून वर्ष मोजायला लागतं आणि गाडी महिनाभर मिस्त्रीच्या सुट्या भागांसाठी अडली तर तेवढे पैसे वाया जातात. आधी घरच्या घरी गाडी चालू होण्याजोगी करा, मग विमा, मग पीयूसी. ओन डॅमेजचं त्यानंतर.

मिस्त्रीला घरी बोलवा. वाळका पाला, पोती, सुतळी असलेल्या जागेत पेट्रोलचं काम करू नये. गाडी ढकलून स्वतःच्या परड्यात घ्या, बॅटरीच्या तारा सोडवा, मगच टाकी रिकामी करा. इतकी वर्षं पडून राहिलेल्या पेट्रोलचा डिंक होतो. त्याला वार्निशसारखा उग्र वास येतो आणि ते इंजेक्टरमध्ये गेलं तर खर्च वाढतो. नवं पेट्रोल पाच लिटर पुरे. ढकलताना मागची चाकं फिरली नाहीत तर हँडब्रेक ओढून गाडी उभी केली होती असं समजा. ब्रेकचे लायनर ड्रमला गंजून चिकटतात. अशा वेळी ट्रॅक्टर लावून हिसका देण्याची आपल्याकडे सवय आहे. ती या बाबतीत महागात पडते, कारण लायनर सुटून ड्रममध्ये अडकतो. चाक काढून ड्रमला कडेनं हलक्या हातानं ठोकलं की सुटतं.

इंजिनाला किल्ली मारण्याआधी चारही प्लग काढायला सांगा. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून काही तास थांबायचं आणि पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानं दोन फेऱ्या फिरवायचं. सहज फिरलं तर पुढं जा. अडलं तर जोर लावू नका, पिस्टनच्या रिंगा गंजल्या असतील. इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलाच. सुमारे तीन लिटर लागतं, नेमकं माप गाडीच्या पुस्तकात आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून सगळं काढून बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या बाटलीच्या टोपणावर लिहिलेल्याच प्रकारचं नवं भरा. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं सापडलं तर आश्चर्य वाटू देऊ नका. घरटं असेल तर वायरिंगही कुरतडलेलं असण्याची शक्यता धरा आणि बॅटरी जोडण्याआधी बॉनेटखालचे सगळे जोड बघून घ्या. उघडी तार आणि नवी बॅटरी एकत्र आली की आग लागते.

जुनी बॅटरी चार्ज करून वाचवण्याचा आग्रह धरू नका. पूर्ण भरलेली बॅटरी स्थिर अवस्थेत १२.६ व्होल्ट दाखवते. वर्षानुवर्षं उतरलेली बॅटरी चार्जरवर तेवढी दाखवेलही, पण स्टार्टर फिरवताना बसेल. जुनी देऊन नवी घेतली की थोडी सूट मिळते. टायरच्या कडेला चार आकडे असतात, ‘२३१३’ म्हणजे २०१३ सालचा २३ वा आठवडा. तुमचे पहिलेच टायर असतील तर नक्षी कितीही चांगली दिसो, ते बदला. एका जागी उभं राहून रबर चपटं होतं, कडा तडकतात आणि हायवेच्या वेगाला असा टायर फुटतो.

गाडी परड्यात चालू झाली, जागच्या जागी ब्रेक लागायला लागला, की पॉलिसी घ्या. त्याआधी आरसीवरचा आणि परिवहन विभागाच्या ‘वाहन’ प्रणालीवरचा तपशील जुळवा: मालकाचं नाव, इंजिन नंबर, सतरा अक्षरांचा चॅसी नंबर. जुन्या नोंदी संगणकावर चढवताना एखादा आकडा चुकलेला असतो, आणि पॉलिसीत तोच चुकीचा आकडा गेला की दाव्याच्या वेळी भांडण होतं. बॉनेटखाली कोरलेला चॅसी नंबर स्वतः वाचा. गंज असेल तर कागद ठेवून पेन्सिलनं छाप काढा.

कागद लागतात ते आरसी, जुनी पॉलिसी आणि वडिलांचं पॅन किंवा आधार. २०२३ च्या जानेवारीपासून प्रत्येक नव्या पॉलिसीला केवायसी सक्तीचं आहे. पॉलिसी आरसीवरच्या मालकाच्या, म्हणजे वडिलांच्याच नावानं निघेल. गाडी तुम्ही चालवलीत तरी चालतं, तुमचं स्वतःचं लायसन्स वैध असलं पाहिजे. ते संपून वर्ष उलटलं असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते, एवढं आधी तपासून घ्या.

हप्त्याचा हिशोब असा. १ जून २०२२ पासूनच्या दरात १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी कारचा थर्ड पार्टी हप्ता ३,४१६ रुपये आहे. १८ टक्के जीएसटी धरून सुमारे ४,०३१. दर मधे बदलला असेल तर सगळ्या कंपन्यांचा एकसारखाच बदललेला दिसेल. याच्यावर एजंट ‘पीए’ म्हणून काहीशे रुपये लावतो. तो मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा. त्यासाठी मालकाकडे वैध लायसन्स असावं लागतं. वडिलांकडे ते नाही, म्हणजे त्यांना हा विमा लागू होत नाही आणि त्याचा दावाही मंजूर होणार नाही. तो वगळायला सांगा, आणि लायसन्स नसल्याचं प्रस्तावात लिहून द्या.

पॉलिसी हातात आली की पहिल्यांदा ‘कधीपासून’चा रकाना बघा, तारीख आणि वेळ दोन्ही. खंड पडलेल्या गाडीला काही कंपन्या पैसे भरल्यावर दोन-तीन दिवसांनंतरची सुरुवात देतात. आज पैसे भरलेत आणि पॉलिसी परवा रात्री बारापासून आहे, तर तोवर गाडी परड्याबाहेर काढायची नाही. चेकनं पैसे देऊ नका, चेक वटला नाही तर विमा उभा राहत नाही. एजंटाच्या वैयक्तिक खात्यावरही पाठवू नका. पॉलिसीवरचा क्यूआर कोड स्कॅन करून ती कंपनीच्याच पानावर उघडते का बघा, आणि थोड्या दिवसांनी ‘वाहन’वर नवी मुदत चढली का तेही.

त्यानंतर पीयूसी. वडिलांचा जुना मोबाइल नंबर बंद असेल तर इथंच अडाल, कारण नोंदणीकृत नंबरवर ओटीपी येतो. परिवहनच्या संकेतस्थळावर चॅसी, इंजिन नंबर आणि नोंदणीची तारीख देऊन नंबर आधीच बदलून घ्या. केंद्रावर थंड इंजिन नेऊ नका. वीसेक मिनिटं चालवून तापमानाचा काटा नेहमीच्या जागी आला की जा. गाडी भारत स्टेज चारची (धुराच्या प्रदूषणाचं सरकारी मानक) असेल तर आयडलला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतं. स्टेज तीनला ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. २०१३ मध्ये दोन्ही प्रकारच्या गाड्या विकल्या जात होत्या, तुमची कुठली ते आरसीवर बघा. स्टेज चारची पीयूसी वर्षभर चालते, तीनची सहा महिने. कार्बन मोनॉक्साइड जास्त आलं तर एअर फिल्टर बघा, हायड्रोकार्बन जास्त आलं तर प्लग. उभ्या गाडीचा सायलेन्सर आतून गंजून भोक पडलेलं असतं आणि त्यातून हवा शिरली की सगळेच आकडे बिघडतात, हेही मिस्त्रीच्या कानावर घाला. पहिल्या आठवड्यात गाडी गावाजवळच फिरवा. कोगनोळी टोलनाक्यापलीकडं जाण्याआधी ब्रेक आणि रेडिएटर दोन्हींची खात्री व्हायला हवी.

ओन डॅमेजचा निर्णय शेवटी घ्या. थर्ड पार्टी पॉलिसी चालू असताना नुसता ओन डॅमेज वेगळा घेता येतो, २०१९ च्या सप्टेंबरपासून तशी सोय आहे. मात्र थर्ड पार्टीची किती मुदत शिल्लक असावी, याच्या अटी कंपनीगणिक वेगळ्या असतात, त्या विचारून घ्या. इथं तपासणी टळत नाही. माणूस येतो किंवा मोबाइलवरून व्हिडिओ मागवतात: चारही कोपरे, काच, नंबरप्लेट, कोरलेला चॅसी नंबर, चालू इंजिन आणि किलोमीटरचा आकडा. तुमच्या गाडीतला आकडा डिजिटल आहे, बॅटरी मेलेली असेल तर तो दिसतच नाही आणि तपासणी नापास होते. अनेकांचा अर्ज एवढ्याशा कारणानं परत येतो. चेपलेले पत्रे लपवू नका. नोंदले गेले तर तेवढेच वगळले जातात, लपवलेले सापडले तर पूर्ण दावा धोक्यात येतो. अहवालाची मुदत थोडी असते, त्याच दिवशी पैसे भरायच्या तयारीनं बसा.

नो क्लेम बोनसचा, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, विषय मिटवून टाका. मुदत संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण केलं तरच तो राहतो, तुमचा तो २०२१ च्या जूनमध्येच गेला. एखादा एजंट म्हणेल, ‘जुनी पॉलिसी गेल्याच महिन्यात संपली असं दाखवतो, ५० टक्के बोनस लावतो.’ कृपा करून हे करू देऊ नका. प्रस्तावावरची सही वडिलांची असते. दावा आला की कंपनी जुन्या कंपनीकडे विचारते, आणि खोटी माहिती दिली म्हणून ऐन गरजेला हात वर करते. त्या बोनसमुळे वाचतो तो ओन डॅमेजच्या हप्त्यातला तुकडा, थर्ड पार्टीच्या हप्त्यात एक रुपयाही कमी होत नाही.

मग ओन डॅमेज घ्यावा की नाही? पाच वर्षांवरच्या गाडीची विमा किंमत मालक आणि कंपनी आपसात ठरवतात. तुमच्या गाडीची ती कमीच येईल आणि दाव्यात सुट्या भागांचा घसाराही कापला जाईल. गावात चालवायची, मोकळ्या जागी लावायची असेल तर आमच्या मते पहिलं वर्ष नुसत्या थर्ड पार्टीवर काढायला हरकत नाही. घर किंवा वखार वेदगंगा-दूधगंगेच्या काठावर असेल तर मात्र घ्या. २०१९ आणि २०२१ चा पूर तुम्ही बघितलाय. तेव्हाही एक पथ्य पाळायचं: पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करू नका. बुडालेल्या इंजिनात किल्ली मारून झालेला बिघाड साध्या पॉलिसीत मिळत नाही.

कर्जाबद्दल. सोसायटीचं नाव आरसीवर असेपर्यंत ते पॉलिसीतही येतं, आणि गाडी चोरीला गेली तर भरपाईवर पहिला हक्क तिचा लागतो. सोसायटीकडून ना-हरकत दाखला आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घ्या, चिक्कोडीत बोजा उतरवून घ्या, मग कंपनीकडून पॉलिसीत दुरुस्ती करून घ्या. यासाठी विमा थांबवून धरायची गरज नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला कर्नाटकात उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची आहे, ती नसेल तर आरटीओतली कामं अडतात. प्लेट बसवायला गाडी न्यावी लागते, म्हणून हेही थर्ड पार्टीनंतरच. आणि आरसीची पंधरा वर्षं ऑगस्ट २०२८ मध्ये पूर्ण होतात. नूतनीकरणाचा फॉर्म २५ त्याआधीच्या ६० दिवसांत देता येतो. १ एप्रिल २०२२ पासून कारला त्याची फी ५,००० रुपये आणि उशिराला दरमहा ५०० रुपये केली गेली. टायर, बॅटरी, सायलेन्सर मिळून मोठा खर्च निघाला तर हा खर्चही त्यात मिळवून मग गाडी ठेवायची की नाही ते ठरवा.

सगळं करूनही एखादी कंपनी गाडी जुनी म्हणून थर्ड पार्टी द्यायला नकार देत असेल, तर नकार लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी मागितल्यावर काम होतं. नाही झालं तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज, त्यानंतर विमा नियामकाचं ‘बीमा भरोसा’ पोर्टल किंवा १५५२५५ हा नंबर. तक्रारीत गाडीचा नंबर, पैसे द्यायची तयारी दाखवल्याची तारीख आणि कोणी काय कारण दिलं, एवढं नेमकं लिहा. वडिलांच्या नावानं आणि त्यांच्या सहीनं द्या, कारण ग्राहक ते आहेत.